साखरेचं मैदान

म्हसावद,
६ जानेवारी २०२५

कोकिळाताई,

नमस्कार. तुमच्या आश्रमशाळेत फोनला रेंज नाही, आणि असती तरी हे मी फोनवर बोलले नसते. बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि तुमचे भाऊ शेजारून हातानेच ‘हळू, हळू’ करतात. कागद कुणाला हळू म्हणत नाही. धडगाव गाडीचे कंडक्टर भिकनभाऊ, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे.

काल काजलने धडगावच्या बाजारातून तुमच्या फोनवरून फोन केला. खो-खोच्या राज्य स्पर्धेचा सराव आहे, गेल्या वर्षापासून तुम्ही तिच्या संघाच्या मार्गदर्शक आहात, म्हणून मी पोर तुमच्याकडे पाठवली. जूनपर्यंत नव्हे, कायमची तर नव्हेच. आणि ती मला म्हणते, “माय, मी आते आत्याकडेच ऱ्हासू. नववी धडगावलेच करसू.” मी म्हटलं, कुणाला विचारलंस? तर म्हणे, “आत्याले इचारी लिधं.”

ताई, नवरा तुमचा भाऊ. सासू तुमची आई. दारावरची पाटी तुमच्या वडिलांच्या नावाची. या घरात माझी म्हणावी अशी एकच गोष्ट मी जन्माला घातली. तीही तुम्हालाच हवी?

भांडत नाही. १९ तारखेला रविवार आहे, तिचा वाढदिवस. सगळा संघ घेऊन घरी या. मी केक करणार आहे, आणि तो खो-खोचा. वर्षभर लोक माझ्याकडून मुलांसाठी बॅटचे केक नेतात, चेंडूचे केक नेतात, क्रिकेटचं हिरवं मैदान मी डोळे मिटून करते. मुलीसाठी खेळाचा केक आजवर एकानेही मागितला नाही. मी पहिला करते, माझ्या मुलीसाठी.

मैदानाची माहिती मला लिहून पाठवा. खांब किती, पोरी किती, कपडे कोणत्या रंगाचे. तिला कळू देऊ नका. केक कापून झाला की सगळ्यांसमोर तिला विचारणार आहे, जूनमध्ये कुठे राहायचं. बघू काय म्हणते.

तुमची वहिनी,
स्वप्नाली


आश्रमशाळा, ता. धडगाव,
९ जानेवारी २०२५

प्रिय स्वप्नाली,

पत्र मिळालं. भिकनभाऊ म्हणाले, “पाकीट गरम शे, जपीसन उघडा.” उघडलं, तर खरंच.

काजलला मी पळवून आणलेलं नाही. ती पळत आली. पळणं हेच तिचं काम आहे. पहाटे थंडीत, दात वाजत असताना, मैदानाच्या चार फेऱ्या कुणी न सांगता मारते. मग भाकरी आणि उडदाची डाळ खाते, तीही मागून घेते. तुझ्याकडे ताटात टाकत होती असं ऐकलं. सूर मारताना गुडघे सोलतात, त्यांना मी हळद लावते. तिच्या दोन वेण्या मीच घालते. परवा म्हणाली, “आत्या, तुन्हा हात मायपेक्षा हलका शे.” तुला वाईट वाटेल म्हणून लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

एक सांगते. आपल्याकडे पोरगी जिंकली की पेढे वाटायला गाव जमतं. ती धावते तेव्हा मैदानाच्या कडेला कोण असतं? शिक्षक असतो, शिट्टी असते, एखादं कुत्रं असतं. घरचं माणूस नसतं. तालुक्याला तू नव्हतीस. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला तू नव्हतीस. आणि आता केक. केक खाऊन कुणी वेगाने धावत नाही.

पण विचारलंस म्हणून सांगते. लांबट मैदान, लाल माती. दोन टोकांना दोन लाकडी खांब. खांबांच्या मधोमध एक पट्टी, तिच्यात आठ चौकोन, आठ पोरी बसलेल्या. नववी धावणारी, पाठलाग करणारी. ती काजल. निळा शर्ट, काळी चड्डी, पाठीवर सात नंबर.

आईला नमस्कार सांग.

कोकिळा


म्हसावद,
१३ जानेवारी २०२५

कोकिळाताई,

तुमचा हात हलका आहे हे वाचलं. बरं झालं. जड कामं करायला मी आहेच.

मैदान तयार होतं आहे. आईंना अंडं घरात चालत नाही, म्हणून दह्यावरचा केक. दोन मोठे आयत जोडून हवी तेवढी लांबी काढली. मातीसाठी बिस्किटांचा चुरा आणि कोको. पहिल्यांदा काळी माती झाली, कापसाच्या वावरासारखी. मग थोडा लाल रंग मिसळला. आता म्हसावदच्या शाळेच्या मैदानाची माती शेजारी ठेवली तरी ओळखू येणार नाही.

खांबांसाठी वेफरच्या नळ्या लावल्या तर त्या क्रीमने मऊ पडून वाकल्या. मग शेतातून उसाचं कांडं आणलं, सोलून, तासून दोन खांब केले. आई बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, “वावरमा ऊस कमी शे का, आते केकवरबी लाई ऱ्हायनी?” मी म्हटलं, “आई, याले पाणी देवाले लागत नही.” त्या इतक्या हसल्या की तपकिरीची डबी सांडली.

बाहुल्या मात्र मी खऱ्या जिद्दीने केल्यात. फॉन्डंट म्हणजे साखरेचा लगदा, कणकेसारखा मळायचा, वाळला की खडूसारखा कडक होतो. आठही पोरींना नाक, डोळे, वेण्या. गुडघे वाकवून बसवल्या. आत टूथपिक, खाली पाण्याचा थेंब, की जागेवर घट्ट. आठही जणी एका ओळीत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, पाहुण्यांकडे. फोटोत एकीचीही पाठ दिसायला नको. नववी काजल, खांबाजवळ धावती, सगळ्यांत उंच.

बाहुल्या रविवारी सकाळी चिकटवेन. एकदा चिकटली की हलवता येत नाही, मान तुटते. काही चुकत असेल तर आत्ताच सांगा. मी तुमच्याशी कितीही भांडले तरी या एका गोष्टीत तुमच्यावर विसंबून आहे, कारण तिथे तुम्ही असता आणि मी नसते.

स्वप्नाली


आश्रमशाळा, ता. धडगाव,
१६ जानेवारी २०२५

स्वप्नाली,

वाचलं. छान केलं आहेस. काही चुकत नाही. खांब तेवढे सारख्या उंचीचे ठेव.

मला कणकण आहे. रविवारी येणं जमेलसं वाटत नाही. पोरींना आमच्या शाळेतले ईश्वर सर गाडीने घेऊन येतील.

कोकिळा


म्हसावद,
२० जानेवारी २०२५

कोकिळाताई,

ताप उतरला असेल. की चढलाच नव्हता?

काय झालं ते पोरींनी तुम्हाला सांगितलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐका.

दुपारी गाडी आली. अंगणात मंडप घातला होता. शेजारपाजारच्या बायका, तुमचे चुलते रतिलालकाका, सगळे होते. पोरी उतरल्या, काजल उतरली. वाळली आहे, उंच झाली आहे. मला मिठी मारली. एवढा एक क्षण चांगला होता, तो नोंदवून ठेवते.

मी केकवरचं खोकं उचललं. बायका “अगं बाई!” म्हणाल्या. मोबाइल वर झाले. बाराच्या बारा पोरी मात्र केककडे बघतात आणि एकमेकींकडे बघतात. मग तुमच्या शाळेतली रिना, ती बुटकी, चिमणीसारखी, तिला राहवलं नाही. “काकू, ह्या सगळ्या एकाच बाजूला बसल्यात! उठायचं कुणी, पळायचं कुठं?” आणि सगळा संघ फुटला. पोट धरून हसल्या. वाईट मनाने नाही, पोरींसारख्या हसल्या. ईश्वर सरांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

मला अजून कळलं नव्हतं, ताई. मी सगळ्यांबरोबर हसत होते.

काजल हसली नाही. हळूच म्हणाली, “माय, एकनं तोंड इकडे ऱ्हास, दुसरीनं तिकडे. शेजारशेजारच्या कधीच एका बाजूला नही बसतीस.” मग माझ्याकडे पाहून, “तू मन्ही एकबी मॅच देखी नही ना?”

मंडपात सगळ्यांनी ऐकलं. तुमचे भाऊ म्हणाले, “जाऊ दे ना, केक शे, मैदान थोडंच शे.” तेवढ्यात आई पुटपुटल्या, “पोरना खेळ मायले माहीत नही.” हे मला जास्त लागलं.

कुणाची आई केक करते आणि केकच तिची चहाडी करतो? माझ्या आठ पोरी, माझ्या हाताने नाकडोळे काढलेल्या, रांगेत बसून सांगत होत्या की ही बाई कधी आलीच नाही.

आणि मी बोलले. गप्प बसायला हवं होतं, नाही बसले. म्हटलं, “तुन्ही आत्याले इचार. मी समदं लिखी धाडेल व्हतं. तोंडं एका बाजूला शेत हेबी लिखेल व्हतं. ती म्हने, काहीच चुकत नही.”

तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. मला वाटलं होतं, ती तुमच्यावर चिडेल आणि मला बिलगेल. तिने सुरी घेतली, केक कापला, सगळ्यांना दिला, एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. जूनचा प्रश्न मी विचारलाच नाही. विचारायला तोंड कुठे उरलं होतं?

तुम्हाला माहीत होतं. पोरींना शिकवताना पहिल्या दिवशी हेच शिकवत असाल. तुम्ही ते पत्र वाचलंत, समजलात, आणि मला त्या मंडपात उभं राहू दिलंत.

का आले नाही ते आता सांगते, विचारलं नाहीत तरी. मागच्या वर्षी शहाद्याला आले होते. गाडी चुकली, पोचले तेव्हा सामना संपला होता. फाटकातून पाहिलं. काजल गळ्यातलं पदक काढून तुमच्या गळ्यात घालत होती. तुम्ही डोळे पुसत होतात. मी तिथूनच परत फिरले, उसाच्या रसाच्या गाड्यावर बसून राहिले, आणि घरी येऊन सांगितलं की गाडीच मिळाली नाही. त्यानंतर कुठल्याही मैदानाच्या फाटकाशी मला ते पदक दिसतं.

स्वप्नाली


आश्रमशाळा, ता. धडगाव,
२७ जानेवारी २०२५

स्वप्नाली,

हो.

माहीत होतं. तुझं पत्र हातात घेऊन मी मैदानावर उभी होते, समोर आठ पोरी बसल्या होत्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. मी बघितलं, वर्गात गेले, आणि ‘काही चुकत नाही’ असं लिहिलं. कणकण नव्हती. मंडपात उभं राहून ते बघायची हिंमत नव्हती.

तू विचारशील का. ऐक. लग्न मोडून मी या डोंगरात आले तेव्हा आपल्या घरातल्या कुणी मला विचारलं नाही की कोकिळा, संध्याकाळी तू कुणाशी बोलतेस? मी मैदानाशी बोलले. दुसऱ्यांच्या पोरी घडवल्या. त्या मोठ्या होतात, ऊसतोडीला जातात, लग्न होऊन जातात, कुणी परत येत नाही. मग आपल्याच रक्ताची पोर आली, आणि ती धावायला लागली तेव्हा मला वाटलं, ही उरेल. आणि तू? तू फक्त जन्म दिलास म्हणून आई. एकदाही कडेला न उभी राहता आई. बारा महिने मी घसा फाडून ओरडायचं, आणि एका रविवारी तू साखरेचं मैदान करून तिला परत न्यायचंस? मला वाटलं, बघू दे तिला. आईला तिच्या खेळातलं काय कळतं, ते तिच्याच डोळ्यांनी बघू दे.

तिने बघितलं. माझंही बघितलं.

राज्य स्पर्धेत आपण उपांत्य फेरीत हरलो. काजल चांगली खेळली. पण सबंध स्पर्धेत तिने मला आत्या म्हटलं नाही. “मॅडम, पाणी पिऊ का?” “मॅडम, मी कोणत्या पाळीला?” संघातल्या बाकीच्या मला मॅडमच म्हणतात, तेव्हा कधी कान टोचले नव्हते. वेण्या रिनाकडून घालून घेतल्या. रिनाला धड भांग पाडता येत नाही.

स्पर्धा संपली तशी ती घरी गेली, तुझ्याकडे आहे आता. खूश असशील.

कोकिळा


म्हसावद,
३१ मार्च २०२५

कोकिळाताई,

खूश होते. खोटं कशाला बोलू? तुमचं ‘मॅडम’ मी दोनदा वाचलं.

पण ती माझ्याकडेही नाही. घरात असते, जेवते, अभ्यास करते, “हो माय,” “नही माय.” इतकी शहाण्यासारखी वागते की अंगावर काटा येतो. पूर्वी ताट सरकवून भांडायची, ते बरं होतं.

काल तिने आम्हा दोघांना बसवून सांगितलं. नाशिकच्या क्रीडा वसतिगृहासाठी तिने चाचणी दिली होती, ईश्वर सरांबरोबर जाऊन. बापाला माहीत होतं, मला नव्हतं. निवड झाली. जूनपासून नववी तिथेच. मी म्हटलं, “आत्याकडे नही?” म्हणाली, “नही.” मी म्हटलं, “मग आठेच ऱ्हाय ना, आई शे तुन्ही.” तर म्हणाली, “माय, तुम्ही दोन्ही जनी मन्हाकरता भांडतीस का मन्हामुळे, हे मले समजत नही. मले खेळनं शे.”

तुम्हीही हरलात हे कळल्यावर मला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं.

वसतिगृहात महिन्यातल्या एकाच रविवारी भेट, आणि घरचं एकच माणूस. पहिला रविवार माझा. यावर चर्चा नको.

स्वप्नाली


आश्रमशाळा, ता. धडगाव,
१२ जून २०२५

स्वप्नाली,

पहिला रविवार तुझा. दुसरा कुणाचा हे मी विचारत नाही, ते तिने ठरवावं.

मला तिथे कुणी काही कळवणार नाही. ती कळवत नाही. म्हणून तुला विचारते, आणि विचारताना मला किती जड जातं ते तुला ठाऊक आहे.

खोलीत डबा देऊन परत येऊ नकोस. दुपारी सराव असतो, मैदानावर जा. कडेला बस आणि बघ. तिथल्या नव्या मार्गदर्शक तिला धावायला ठेवतात की बसवतात? बसवलं तर कितव्या चौकोनात? खांबाला वळसा घालताना ती अजून डाव्या पायावर घसरते का? मी वर्षभर तिची ती खोड काढत होते, निम्मी निघाली होती. उरलेली निम्मी कुणी काढतं आहे का? सूर मारल्यावर लगेच उठते, की क्षणभर पडून राहते?

हे सगळं लिही. चांगलं नसलं तरी लिही. मी तुला खोटं उत्तर दिलं होतं. तू मला तसं दिलंस तर मला तक्रार करायला जागा नाही. तरी मागते.

कोकिळा


म्हसावद,
२४ जून २०२५

कोकिळाताई,

जाऊन आले.

नव्या मॅडम तरुण आहेत, शिट्टी गळ्यात, आवाज तुमच्याइतका नाही. मला बघूनच त्यांचा राग आला. काजल त्यांच्याशी बोलताना हसत होती. तुम्हालाही आला असता. या बाबतीत आपण दोघी एका घरच्या आहोत.

आता तुमची उत्तरं. तिला आधी बसवलं, तिसऱ्या चौकोनात. तोंड माझ्याकडे नव्हतं, पलीकडे होतं. सबंध पाळीभर मला तिची पाठ दिसली. सात नंबर नाही, तिथे अकरा आहे. खो मिळाल्यावर उठली तेव्हा मला वाटलं बाण सुटला. हे मी चौदा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, आणि जे तुम्ही वर्षभर बघत होतात त्याचा मला इतका हेवा वाटला की पाण्याची बाटली हातातून पडली.

डाव्या पायावर घसरते, अजून. नव्या मॅडमनी दोनदा थांबवून पाय कसा टाकायचा ते दाखवलं. तुमच्यासारखंच करतात का ते मला सांगता येणार नाही. टाच आधी टेकवायला लावतात. सूर मारल्यावर लगेच उठत नाही. थोडी पडून राहते, मातीला गाल लावून, मग उठते. गुडघा सोलला आहे, उजवा. मी हळद लावली. तिने लावू दिली.

तुम्ही विचारलेलं सगळं लिहिलं. एकही गोष्ट बदललेली नाही, वाढवलेली नाही. भिकनभाऊंच्या गाडीने हे पत्र उद्याच मिळेल.

निघताना ती फाटकापर्यंत आली आणि मला एक वाक्य म्हणाली. तुमच्याबद्दल नव्हतं, काळजी करू नका.

ते मात्र मी लिहिणार नाही. ते माझं आहे.

स्वप्नाली